भोपळ्यांची भुणभुण

माझ्या वडिलांना बहिरं ठरवलं ते मी. गावानं नंतर ठरवलं, डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, पण सुरुवात माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू घ्यायला लागले तर तुम्हीच मला थांबवाल.

मी दर्शना तामोरे. शिक्षणानं समुद्र-अभियंता, आणि पाण्याखालचे आवाज मोजणं हे माझं काम. गाव वडखोली, पालघर जिल्ह्यातलं लहानसं मच्छीमार बंदर. गावासमोर सहा किलोमीटरवर लाटांपासून वीज करणारी चोवीस यंत्रं नांगरलेली आहेत. आमच्या संस्थेच्या कागदांत त्यांना ‘तरंगजनित्र’ म्हणतात. गावात असलं जड कोणी बोलत नाही. पिवळी, गोल, पाण्यावर डुलणारी, म्हणून ते भोपळे. पहिला भोपळा पाण्यात सोडला तेव्हा नारळ माझ्या आईनं फोडला आणि मला सगळ्यांसमोर म्हणाली की एवढी शिकलीस ती अखेर भोपळे लावायला. लोक हसले, मीही हसले. त्या दिवशी मला दोन बोटं स्वर्ग उरला होता.

भोपळ्याचं काम साधं आहे. लाटेबरोबर तो वर जातो, खाली येतो. त्याच्या पोटातून जाणारा दांडा मात्र समुद्राच्या तळाला जखडलेला असतो, तो जागचा हलत नाही. या ओढाताणीत एक दट्ट्या तेल दाबतो. दाबलेलं तेल टाकीत साठतं आणि तिथून एकसारख्या जोरानं जनित्र फिरवतं. लाट लहान असली तर वीज कमी मिळते, पण जनित्र फिरतं त्याच वेगानं. पावसाळा असो की उन्हाळा, त्याचा सूर बदलत नाही. ही टाकी आमच्या संस्थेची करामत, आणि तिचा मला फार अभिमान होता. भोपळे आले आणि गावचा बर्फाचा कारखाना चोवीस तास चालू लागला. मासळी सडायची थांबली. आईसारख्या विकणाऱ्या बायकांना पहाटेच्या टेम्पोमागे धावावं लागेना. ही काही थोडी गोष्ट नव्हे, आणि आजही मी ती कोणालाही ऐकवीन.

आता बाबा. हरेश्वर तामोरे हे आमच्या बंदरावरचे सगळ्यात जुने तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य माणूस. पण त्यांचा मान होडीमुळे नव्हता, कानामुळे होता. आमच्याकडची घोळ ही मासळी बोलते. नराच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला आम्ही बोत म्हणतो. त्या पिशवीवर तो पोटाचे स्नायू आपटतो आणि ढोलकीसारखा खोल आवाज काढतो. दिवेलागणीच्या वेळी नर एकत्र जमून असे बोलू लागले की माद्या त्या आवाजाच्या रोखानं येतात आणि अंडी घालतात. आवाज नाही तर लग्न नाही, इतका सरळ हिशेब. पाण्यात आवाज हवेपेक्षा साडेचारपट वेगानं पळतो आणि खालचा सूर फार दूर जातो. हे मी पुस्तकात शिकले. बाबा वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचे, दांड्याला कान आणि जबडा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि एक शब्द बोलायचे. “हायत” किंवा “नाय”. हायत म्हटलं की सहा होड्या जाळी सोडायच्या. तीस वर्षं गावानं या एका शब्दावर जाळी सोडली.

भोपळे आल्यावर दुसऱ्या वर्षीपासून बाबांचा शब्द चुकू लागला. हायत म्हणाले तिथे जाळं रिकामं आलं. नाय म्हणाले तिथे दुसऱ्या गावच्या होडीला घोळ लागली. असं तीनदा झालं. माझा चुलतभाऊ जगन त्यांच्याच होडीवर वाढलेला. तो तोंडावर काही बोलला नाही, पण बंदरावर हसला, आणि बंदरावरचं हसू घरी पोचायला कितीसा वेळ लागतो? मी तेव्हा मोठ्या शहाणपणानं म्हणाले की वय झालंय, कान तपासून घेऊ. तालुक्याला नेलं. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून पिंक-पिंक ऐकवलं. बारीक आवाज थोडे कमी ऐकू येत होते, जे सत्तरीच्या कुठल्याही माणसाला कमीच येतात. बाबांनी सांगितलं की भुणभुण ऐकू येते. डॉक्टर म्हणाले, कान वाजतात, वयोमान. मी महागातलं यंत्र घेऊन दिलं. बाबांनी ते निमूटपणे कानात घातलं, होडी जगनच्या हाती दिली आणि अंगणात बसून जाळी शिवू लागले. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना ते पटलं होतं.

दोन वर्षं गेली. आणखी साठ भोपळे टाकायचा दुसरा टप्पा ठरला आणि त्याची जनसुनावणी वडखोलीतच लागली. ध्वनीचा अहवाल माझ्या सहीचा. भोपळ्यांचा आवाज समुद्राच्या मूळ आवाजापेक्षा ठरलेल्या मर्यादेबाहेर जात नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सुनावणीच्या चार दिवस आधी मी घरी आले.

दुपारी जेवताना पाहिलं तर बाबांच्या कानात यंत्र नाही. मी चिडले. माझा स्वभावच तसा, आधी चिडते आणि मग विचारते. एवढं आणून दिलं तर घालायला काय होतं, असं मी बरंच काही बोलले. आईनं माझ्या ताटात आणखी एक बोंबील टाकला. घास अडकला की ही गप्प बसते, हा तिचा जुना उपाय. बाबा म्हणाले की त्या यंत्रानं ताट-वाटीचे आवाज मोठे होतात, पण भुणभुण काही जात नाही. मी विचारलं, आत्ता येतेय का भुणभुण?

“आता कशी येल?” बाबा म्हणाले. “वल्ह्याला कान लावला का येते.”

माझा हात ताटातच राहिला. कान वाजणाऱ्या माणसाचे कान जेवताना वाजतात, झोपताना वाजतात. वल्हं हातात घेतल्यावरच वाजतात असे कान मी तरी ऐकले नव्हते. डॉक्टरनं विचारलं नव्हतं. मी तर जगातले आवाज मोजत फिरते, मीही विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी त्यांना म्हटलं, बाबा, ती भुणभुण कशी येते ते गळ्यातून काढून दाखवा. त्यांना लाज वाटली. जेवता जेवता काय गायला सांगतेस, म्हणाले. पण भजनात बसणारा माणूस, सूर पक्का. त्यांनी तोंड मिटून एक लांब सूर धरला. मी मोबाइल पुढे केला. सूर मोजणारं साधं ॲप असतं, गाण्याच्या क्लासला जाणारी पोरंसुद्धा वापरतात. पडद्यावर आकडा आला, सेकंदाला एकशे अठ्ठ्याहत्तर कंपनं. मी पुन्हा गायला लावलं. पुन्हा तेच, फार तर एखाद-दुसऱ्याचा फरक.

माझ्या भोपळ्यांचं जनित्र एकशे अठ्ठ्याहत्तरवर गुणगुणतं. हा आकडा माझ्या अहवालाच्या अकराव्या पानावर होता. आणि घोळ बोलते तीही त्याच्याच आसपास. पिठाच्या गिरणीत उभं राहून कोणी हळू आवाजात हाक मारली तर जे होईल तेच समुद्रात चाललं होतं. बाबांना घोळ ऐकू येत नव्हती, कारण मध्ये चोवीस गिरण्या चालू होत्या. सुरुवातीला तर ते त्या गिरण्यांनाच घोळ समजून हायत म्हणाले होते. आणि माद्यांनाही येत नव्हती. या वर्षांत घोळ घटत चालली होती, तीही त्यामुळेच.

मग मर्यादेत बसणारा तो अहवाल? तो खोटा नव्हता, हेच तर दुखणं. संध्याकाळपर्यंत मी जुन्या नोंदी उपसल्या तेव्हा कळलं की घोडं कुठे पेंड खातंय. भोपळे टाकण्याआधी समुद्राचा मूळ आवाज मोजला, तो जून-जुलैत. ही कल्पना माझी. पावसाळी बंदीत एकही ट्रॉलर बाहेर नसतो, इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे निव्वळ समुद्र ऐकू येईल. शिवाय आमच्या गावात लहानपणापासून ऐकलेलं, की बंदीत दर्या निजतो. होड्या वर ओढल्या, जाळी माळ्यावर गेली, म्हणजे दर्या विश्रांतीला. मी शिकून शहाणी झाले आणि ते तसंच्या तसं मोजणीत घेऊन गेले. अहो, निजतो तो कोळी! दर्या त्या दोन महिन्यांत छाती फोडून ओरडत असतो. वर पाऊस, खाली फुटणाऱ्या लाटा. त्या ओरडण्याच्या मानानं भोपळ्यांची भुणभुण काहीच नाही, म्हणून अहवाल स्वच्छ. घोळ बोलते ती आश्विन-कार्तिकात, पाणी आरशासारखं असताना. त्या दिवसांच्या पाण्याशी ताडून पाहिलं तर भोपळे मर्यादेच्या कितीतरी वर होते. दुसऱ्या गावातल्या कोणाला ही चूक सुचली नसती. त्यासाठी कोळ्याच्याच घरात जन्माला यावं लागतं.

मी आमच्या प्रकल्पप्रमुख निरगुडकर मॅडमना फोन केला. बाई वाईट नाहीत. माझी शिष्यवृत्ती त्यांनीच मिळवून दिली होती आणि भोपळ्याचं पहिलं चित्रही त्यांच्याच हातचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, दोन नेमके प्रश्न विचारले आणि चूक मान्य केली. मग म्हणाल्या की सुनावणी होऊन जाऊ दे, मागाहून दुरुस्तीपत्र काढू. आत्ता बोललीस तर दुसरा टप्पा गेला, आणि पंधरा वर्षांनी कुठे लोकांना लाटांच्या विजेवर विश्वास बसतोय तोही गेला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, “मॅडम, मागाहून काढलेलं पत्र कपाटात जाईल. माझे वडील अंगणात बसलेत.”  मग त्या म्हणाल्या की सही तुझी आहे, काय बोलायचं ते तू ठरव, पण नुसती चूक सांगून खाली बसू नकोस, उपाय घेऊन उभी राहा. त्यांच्याकडून शिकावं असं खूप होतं, त्यातलं हे एक.

तीन दिवस मी आकडेमोड केली. रात्री मात्र झोपले, उगाच खोटं कशाला सांगू.

सुनावणी मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात होती. समोर प्रांतसाहेब, बाजूला मॅडम, पुढच्या रांगांत सगळं बंदर. बाबा मागे दाराशी बसले होते. यायला तयार नव्हते, आईनं ओढून आणलं होतं. मी उभी राहिले आणि अहवाल चुकला आहे असं सांगितलं. जून-जुलैची मोजणी, शांत पाण्याचा फरक, घोळीचा सूर आणि जनित्राचा सूर, सगळं मराठीत, पडद्यावर एकही चित्र न दाखवता सांगितलं. शेवटी म्हटलं:

“दोन वर्षांपूर्वी या गावानं माझ्या वडिलांना बहिरं म्हटलं, आणि ते माझ्यामुळे म्हटलं. त्यांचे कान चांगले आहेत. वल्ह्यात त्यांना जे ऐकू आलं ते खरं होतं. चुकले ते माझे आकडे.”

 मी दाराकडे पाहिलं तर बाबा उठून बाहेर चालले होते. मला वाटलं, संपलं सगळं. चारचौघांत बापाचा विषय काढायला नको होता.

पण थांबायला वेळ नव्हता, कारण गाव उसळलं, आणि ते घोळीसाठी नव्हे. जगननं उभं राहून विचारलं की भोपळे बंद करणार का, बर्फाचं काय, चार मासे जास्त मिळावेत म्हणून सगळी मासळी सडवायची का. प्रश्न रास्त होता. मी उपाय सांगितला. जनित्र रबराच्या गादीवर बसवायचं आणि त्याचा वेग बदलायचा, म्हणजे सूर घोळीच्या सुराखाली जाईल आणि पाण्यात उतरणारा आवाजही दबेल. हे दोन वर्षांत होईल, आणि तोवर नवे साठ भोपळे टाकायचे नाहीत. या दोन वर्षांत घोळीच्या दर हंगामात अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मोजून सोळा संध्याकाळी, दिवेलागणीपासून दोन तास, चोवीसही भोपळे जखडून ठेवायचे. कारखान्यातला बर्फ दोन तासांत वितळत नाही. पण गावचे दिवेही भोपळ्यांच्याच विजेवर, ते जातील.

दिवेलागणीलाच दिवे घालवायचे, यावर कुजबुज सुरू झाली. देवापुढे काय अंधार करायचा का, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा आई उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही, पण मासळी बाजारात चाळीस वर्षं काढलेली बाई, आवाजाची काळजी नव्हती. ती म्हणाली, “देवापुढे समई लावतात गो, ट्यूबलाइट कोण लावतं? सोळा सांज काढू. माझ्या माणसानं दोन वर्षं काढली.”

 प्रांतसाहेबांनी सोळा संध्याकाळींची नोंद करून घेतली आणि दुसरा टप्पा दोन वर्षं पुढे ढकलला. मॅडमनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागावल्या होत्या, तरी ठेवला.

घरी आले तर बाबा अंगणात उभे होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी बोलू दिलं नाही. म्हणाले, “दर्शना गो, गाव हसलं त्याचं मना काय नाय. मीच मना खोटा समजलो. तो सूर मी रोज ऐकायचो आन् रोज सोताला सांगायचो, हरेश्वर, हा तुज्या डोक्यातला हाय.” एवढं बोलून ते रडले. मी त्यांना आजवर रडताना पाहिलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणाला दोष देणार? मीही त्यांच्या शेजारी ओट्यावर बसून भरपूर रडले. आईनं मग दोघांना चहा दिला आणि आता पुरे म्हणाली.

पहिली शांत संध्याकाळ आश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली. जगन स्वतः घरी आला. पायरीखाली उभा राहून म्हणाला, काका, चला. बाबांनी डोक्याला फडकं बांधलं. होडीत जगन, त्याचे दोन खलाशी, बाबा आणि मी. मागे पाच होड्या. मी पाण्यात उतरवायचा माइक घेतला होता, कानावर हेडफोन. बाबांनी एकच अट घातली, की तुला काही ऐकू आलं तरी मी बोलेपर्यंत बोलायचं नाही. मी कबूल केलं. आता पणाला काय होतं ते होडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी सभेत कितीही ओरडून सांगितलं असलं, तरी आज बाबांचा शब्द चुकला तर तो कायमचा चुकणार होता.

सूर्य बुडाला. ठरल्या मिनिटाला भोपळे थांबले. मागे वळून पाहिलं तर किनाऱ्यावर वडखोलीचे दिवे एकदम गेले. हेडफोनमध्ये गेली चार वर्षं मुरलेली ती भुणभुण थांबली, आणि पाणी किती मोकळं असतं ते मला पहिल्यांदा कळलं. कोलंबीची कडकड ऐकू आली. आणि मग, फार लांब, थप, थप, थप. घोळ.

मी मान खाली घातली. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ओठ चावले. बाबांनी वल्हं पाण्यात सोडलं, कान टेकवला, डोळे मिटले. माझ्या कानात आवाज स्पष्ट होत होता आणि ते काहीच बोलत नव्हते. त्यांनी वल्हं उचललं, दुसऱ्या बाजूनं सोडलं. पुन्हा काही नाही. जगननं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहत राहिले आणि मनात म्हणत होते, बाबा, अहो आहेत, आहेत हो तिथे. तिसऱ्यांदा त्यांनी वल्हं नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून सोडलं आणि बराच वेळ तसेच ओणवे राहिले.

“हायत,” ते म्हणाले. “खडकाच्या अंगाला. पण थोड्या. धा-बारा.”

मी माझ्या पडद्यावर पाहिलं. यंत्रानं वेगवेगळे अकरा आवाज मोजले होते. आता बोलायला मला मोकळीक होती. मी पडदा जगनकडे फिरवला. त्यानं तो धड पाहिलासुद्धा नाही, तो जाळ्याकडे धावला. दोन वर्षांनी घोळ समोर आली होती, आणि बोताला सोन्याचा भाव, एक मोठी घोळ लागली तर माणसाचं वर्ष निघतं. खलाशांनी दोर सोडवायला घेतले.

“जगन, नाय,” बाबा म्हणाले. “जाळं सोडायचं नाय. धा-बाराच उरल्यात. यंदा त्यांना बोलू दे.”

जगनच्या हातात जाळ्याची कड होती. तो तरुण, होडी त्याच्या ताब्यातली, बाबांना त्यावर काडीचा हक्क उरलेला नव्हता. वायरलेसवर मागच्या होडीनं विचारलं की काय ते सांगा, सोडायचं का? जगन क्षणभर बाबांकडे पाहत राहिला. मग त्यानं जाळं खाली ठेवलं आणि वायरलेस तोंडाशी धरला.

“तांडेल नाय म्हणतात,” तो म्हणाला.

कोणी कारण विचारलं नाही. चांदण्यात पाचही होड्यांनी एकामागून एक तोंडं फिरवली आणि आपापली जाळी कोरडी घेऊन त्या घराकडे निघाल्या.